सौजन्य : पोस्टमास्तर

ही गोष्ट ऐकून आजवर एकाही माणसाने "खरंच का?" असं विचारलेलं नाही. सगळे "काहीतरीच" म्हणून उठून गेले. तुम्हीही जाल. पण जाण्याआधी समुद्राच्या भिंतीवरचा तो फळा नीट बघून घ्या. माणसं खोटं बोलतील, फळा बोलणार नाही.

तर त्या शुक्रवारी सकाळी आठच्या ठोक्याला निवृत्त पोस्टमास्तर स्वतःच्या घरच्या संडासात उभे होते आणि त्यांच्या काखेत एक जाडजूड रजिस्टर होतं. गृहस्थ उंच. पाठ ताठ. साठी उलटली तरी डोक्यावर कंगवा अडकेल एवढे दाट केस. मागे दारात त्यांची बायको खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती.

"संडासात वही घेऊन जाणारा माणूस जन्मात पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली.

"वही नाही ही. रवानगी रजिस्टर आहे."

"मग काय रवाना करायचं ते करा आणि बाहेर या. मला अंघोळ आटपायचीय."

पोस्टमास्तरांनी रंगाची पुडी फोडली. आत लालसर भुकटी होती, ती पाण्यात पडताच भांड्यातलं पाणी हिरवंगार झालं. तेही साधं हिरवं नाही, डोळ्यांत भरणारं, दिव्यासारखं. त्यांनी साखळी ओढली, घड्याळ पाहिलं आणि रजिस्टरात लिहिलं : 'घर क्रमांक एक. रवाना आठ वाजता.'

आता हे काय चाललं होतं ते सांगायला हवं. ही गल्ली उतरत उतरत समुद्रापर्यंत जाते. दोन्ही बाजूंना मिळून चौदा घरं. गल्लीखालून दोन नळ जातात. एक मैलापाण्याचा, तो शुद्धीकरण केंद्राकडे वळतो. दुसरा पावसाच्या पाण्याचा, त्याचं तोंड थेट समुद्राच्या भिंतीत उघडतं. त्या दुसऱ्या नळातून पाऊस नसताना थेंबही यायला नको. पण ऐन उन्हाळ्यातसुद्धा त्यातून पाणी येई आणि ते पाऊस नव्हे हे नाक सांगे. चार वर्षांपूर्वी आरोग्य खात्याने भिंतीवर फळा ठोकला : 'पोहण्यास मनाई'. कोणा एका घराचं मैलापाणी चुकीच्या नळात सुटलंय, एवढं खात्याचे निरीक्षक आदल्या आठवड्यात सांगून गेले. "घर शोधून द्या, आम्ही नळ जोडून देतो. शुक्रवारी तीन वाजता येईन. नाव मिळालं नाही तर फाइल बंद, मग पुढल्या वर्षी बघू."

ही फाइल बंद होणं परवडणारं नव्हतं, आणि सगळ्यात कमी परवडणारं होतं बेकरीच्या आजींना. बेकरीवाल्याची ही आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. परकर नेसायच्या वयापासून रोज सकाळी समुद्रात पोहायची. फळा लागल्यापासून रोज सकाळी टॉवेल घेऊन भिंतीपर्यंत जाई, फळा वाचे आणि कोरडीच परत येई. "वाचता येतं तेच नडलं," ती म्हणायची. "अडाणी असते तर केव्हाच उडी मारली असती." समितीच्या बैठकीत तिने एकच वाक्य टाकलं होतं, "माझ्याकडे आता फार उन्हाळे शिल्लक नाहीत. शोधायचं ते पटापट शोधा."

समिती म्हणजे किनारा समिती. अध्यक्ष पोस्टमास्तर, कारण स्वतःचं रजिस्टर असलेला गल्लीत दुसरा माणूस नव्हता. त्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला की ज्याच्या घरचं पाणी सापडेल त्याचं नाव त्या फळ्यावर, 'पोहण्यास मनाई' या ओळीखाली, मोठ्या अक्षरात रंगवायचं. टाळ्या पडल्या. रंगारी एवढा उत्साही की त्याने दुसऱ्याच दिवशी 'सौजन्य :' एवढं लिहून पुढे जागा सोडली.

रंगाची युक्ती पोस्टमास्तरांच्या सुनेची. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. कामावर जाण्यापूर्वी तिने चौदा पुड्या सासऱ्यांच्या हाती दिल्या आणि बजावलं, "बाबा, हा रंग निरुपद्रवी आहे, पण चिवट आहे. प्रत्येक घरात एक चमचा. फक्त एक. आणि एका घराचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याचं नको."

"चाळीस वर्षं पोस्ट चालवलंय मी," पोस्टमास्तर म्हणाले. "तू निर्धास्त जा."

खाली नळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसले होते सुनेचे वडील, म्हणजे पोस्टमास्तरांचे व्याही. हे निवृत्त शिंपी. घडीची खुर्ची, डोक्यावर छत्री, तोंडात शिट्टी. हिरवं पाणी दिसलं की शिट्टी. पाणी पुन्हा नितळलं की पांढरा रुमाल, मग पुढच्या घराने रंग टाकायचा. व्याही माणूस शिस्तीचा. शिट्टी फुंकण्यापूर्वीसुद्धा तो गळपट्टी सारखी करायचा.

पहिलं घर पोस्टमास्तरांनी स्वतःचं निवडलं. अध्यक्षाने आपल्यापासून सुरुवात करावी म्हणून. आणि आपल्या घराला सवलत दिली असं कोणी म्हणू नये म्हणून एक चमच्याऐवजी अख्खी पुडी ओतली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा झाली. शिट्टी नाही. सव्वाआठाला पोस्टमास्तरांनी रजिस्टरात लिहिलं, 'घर क्रमांक एक. निर्दोष.' खाली सही केली, सहीखाली रेघ ओढली आणि बायकोला ती रेघ दाखवली.

"बरं," ती म्हणाली. "आता सरका."

आठ वीसला शेजारी बेकरीवाल्याकडे एक चमचा पडला. बेकरीवाल्याने साखळी सोडली आणि हात पुसतो न पुसतो तोच खालून शिट्टी वाजली. आठ बावीस.

"दोन मिनिटं," पोस्टमास्तर म्हणाले. "दोन मिनिटांत समुद्रात. म्हणजे नळ नाही, कालवाच आहे तुझ्याकडे."

"मास्तर, माझा नळ मी स्वतः जोडून घेतलाय मैल्याच्या लाइनीला. पावती दाखवतो."

"पावती तू दाखव, पाणी मी दाखवतो."

समितीचा नियम असा की सापडलेल्या घराचा संडास तिथल्या तिथे सीलबंद करायचा. निवृत्तीच्या वेळी पोस्टमास्तरांच्या डब्यातून एक पितळी शिक्का नजरचुकीने घरी आला होता. भांड्याच्या झाकणावरून सुतळी आवळून त्यांनी गाठीवर लाख ओतली आणि शिक्का दाबला. बेकरीच्या आजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"म्हणजे चार वर्षं मी माझ्याच घरामुळे कोरडी राहिले?" त्यांनी लेकाकडे असं पाहिलं की तो भट्टी बघायला म्हणून निघून गेला.

"पण आमच्या घरात सात माणसं," बेकरीवाल्याची बायको म्हणाली. "आम्ही जायचं कुठे?"

"नियम सात," पोस्टमास्तरांनी रजिस्टर उघडलं. "सीलबंद घराने जवळच्या निर्दोष घराची सोय वापरावी." नियम त्यांनीच लिहिला होता आणि लिहिताना मान डोलावली होती. तोवर अख्ख्या गल्लीत निर्दोष घर एकच होतं.

आठ पंचवीसला बेकरीची सात माणसं टॉवेल आणि वर्तमानपत्र घेऊन पोस्टमास्तरांच्या दिवाणखान्यात बसली.

"अहो," बायको म्हणाली, "ही मंडळी चहा घेतील का असं विचारायचं की विचारायचं नाही?"

"नको विचारूस. चहा दिलास तर परत यावं लागेल त्यांना."

एक घर सापडलं तरी चौदाही घरं तपासल्याशिवाय रजिस्टर मिटायचं नाही, हाही नियम होता. खाली पाणी नितळलं, रुमाल हलला. आठ पंचेचाळीसला तिसऱ्या घरी, चांभाराकडे, चमचा पडला. आठ बावन्नला शिट्टी. चांभार शपथा घेऊ लागला. पोस्टमास्तरांनी लाख तापवली. चांभाराकडची पाच माणसं पोस्टमास्तरांच्या दिवाणखान्यात आली आणि बेकरीवाल्यांनी सरकून जागा दिली.

मग चौथं घर, शिट्टी. पाचवं, शिट्टी. सहाव्या घरी तर घरमालक तीन महिने परगावी, पाणीही बंद. तिथे पोस्टमास्तरांनी शेजाऱ्याच्या बादलीने रंग ओतला आणि तरीसुद्धा शिट्टी वाजली.

"बंद घरही लबाड निघालं," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता बसला होता. एक घर सापडावं म्हणून माणूस निघतो आणि एकेक करत सारी गल्ली चोर निघते, तेव्हा त्याला धक्का कमी बसतो, वैताग जास्त येतो. लाखेने बोटं भाजली होती. शिवाय जो तो त्यांच्याच घरी निघालेला, तोही पाय उचलून.

अकराला रांग दिवाणखान्यातून ओसरीवर, ओसरीवरून पायरीवर आली. गल्लीत एकमेकांशी बोलणं टाकलेली माणसं एकामागे एक उभी होती. सुताराने दाराशी बसून नंबरांच्या चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. आत पोस्टमास्तरांची बायको हातात घड्याळ घेऊन कडीवर थापट्या मारत होती. "चार मिनिटं झाली. पेपर बाहेर वाचायचा. आत काय वाचनालय आहे?"

समुद्राकडेही सगळं ठीक नव्हतं. बाराच्या सुमाराला व्याही स्वतः वर आले, छत्री मिटून, अत्यंत अदबीने.

"व्याहीबुवा, रुमाल आता हलवता येणार नाही."

"का?"

"पाणी नितळतच नाही. भिंतीपासून शंभर हात समुद्र हिरवा आहे. होड्या हिरव्या. मच्छीमार दोरखंड ओढताहेत, त्यांचे हात हिरवे. एक पांढरा बगळा येऊन नळाच्या तोंडाशी उभा राहिला होता, तो हिरवा झाला आणि पोपटांचा थवा चालला होता त्यांच्यात जाऊन मिसळला."

"घेतलं त्यांनी त्याला?"

"घेतलं. लांबट आहे म्हणून जरा कुरकुर झाली, पण घेतलं."

पोस्टमास्तरांनी कपाळावरून हात फिरवला, कपाळ हिरवं झालं. तीन वाजता निरीक्षक. रुमालाची वाट बघायची तर उरलेल्या पाच घरांना संध्याकाळ उजाडेल. त्यांनी पोस्टातला अनुभव पणाला लावला आणि ठोक टपालासारखा निर्णय घेतला : पाचही घरं एकदम. पाच चमचे एका वेळी पडले, एक लांबलचक शिट्टी वाजली, पाच झाकणांवर एका दमात लाख पडली.

दीड वाजता चौदा घरांच्या गल्लीत एकच संडास उघडा होता, आणि तो अध्यक्षांचा होता.

"तेरा घरं," पोस्टमास्तर ओसरीवर रजिस्टर आपटत म्हणाले. "रंगाऱ्याला सांगा फळा लांब करून आण. तेरा नावं मावायची कशी एका ओळीत?"

तेव्हा बायको बाहेर आली. तिच्या हातात एक कागद होता. पाठकोरा, पेन्सिलीने भरलेला.

"जरा बसा," ती म्हणाली. "सकाळपासून प्रत्येक माणूस आत किती वेळ घालवतो ते मी लिहितेय, कारण त्याशिवाय रांग हलत नाही. बाहेर येण्याची वेळही लिहिली. आणि शिट्टी ऐकू येते म्हणून शिट्टीचीही."

"मग?"

"बेकरीच्या आजी साडेआठाला बाहेर आल्या, शिट्टी आठ बावन्नला. चांभार नऊ दहाला, शिट्टी नऊ बत्तीसला. बंद घराची शिट्टी दहा चाळीसला, त्याच्या बावीस मिनिटं आधी आतून कोण बाहेर आलं? सुतार. दर वेळी बावीस मिनिटं. तुमची शिट्टी कोणाच्याही चमच्याने वाजत नाही. ती माझ्या संडासामागून वाजते."

"पण आपल्या घराच्या वेळी तर…"

"आठला टाकलंत, पंधरा मिनिटं थांबलात आणि सही करून मोकळे झालात. पोचलं ते आठ बावीसला. बेकरीवाल्याच्या माथी." तिने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "चाळीस वर्षं खिडकीत बसून लोकांना काय सांगत होतात? टाकल्याची तारीख वेगळी, पोचल्याची वेगळी, शिक्का बघा. सगळ्या गावाला सांगितलंत, स्वतः तेवढे विसरलात."

पोस्टमास्तरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. ओतलेली अख्खी पुडी आठवली. ती पुडी अजून त्यांच्याच नळाला चिकटून होती, आणि ज्याला ज्याला त्यांनी स्वतः सील ठोकून घरी बोलावलं तो तो साखळी ओढून त्यातला थोडा थोडा रंग समुद्राकडे पाठवत होता. समोर रांगेत गल्ली उभी होती. हातात रजिस्टर होतं, त्यात तेरा घरांच्या नावापुढे 'दोषी' आणि एकाच नावापुढे, रेघ ओढून, 'निर्दोष'.

दुसरा कोणी असता तर कागद फाडून टाकता. पण हा माणूस उंच तसा मनानेही उंच. ते उठले. पाठ ताठ केली. केसांवरून हात फिरवला. रांगेच्या मधून, कोणाची नजर न चुकवता, गल्ली उतरून भिंतीपर्यंत चालत गेले. तीनच्या ठोक्याला निरीक्षक आले तेव्हा पोस्टमास्तर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "साहेब, घर सापडलं. ते माझं आहे. नळ आजच तोडा, आणि फळ्यावर माझं नाव घाला." कोणी विचारलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं. माणूस स्वतः होऊन बोलला. निरीक्षकांचे डोळे भरून आले. आठवड्यात नळ योग्य लाइनीला जोडला गेला, पाण्याचे तीन नमुने पास झाले, समुद्र सर्वांना खुला झाला आणि गल्लीने कृतज्ञतेने त्या फळ्यावर नाव कोरलं. ते बघा, 'सौजन्य : पोस्टमास्तर'. समुद्र स्वच्छ कोणाच्या सौजन्याने झाला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून.

भिंतीवर बसून ही गोष्ट ऐकणारं परगावचं दांपत्य फळ्याकडे आदराने बघत होतं. नवऱ्याने तर चष्मा पुसून पुन्हा लावला. तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून बेकरीच्या आजी वर आल्या. केसांतून पाणी निथळत होतं, ओठ गारठ्याने निळे पडले होते आणि चेहरा सकाळसारखा ताजा होता. त्या टॉवेल उचलायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"स्वतः होऊन?" त्यांनी विचारलं.

गोष्ट सांगणाऱ्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"दोन वाजता बायकोने कागद दिल्यावर घरात शिरून कडी कोणी लावून घेतली? गल्लीत उघडा संडास एकच, आणि हे तासभर आत बसून. बाहेर आम्ही सारी गल्ली पाय आवळून उभी. सुताराच्या चिठ्ठ्या वाया गेल्या. आणि उठताना जन्माच्या सवयीने साखळी ओढली. सकाळपासून पहिल्यांदाच असं झालं की तेरा घरं सीलबंद आणि पाणी एकाच घरचं सुटलं. साहेब नळाच्या तोंडाशी उभे होते. बावीस मिनिटांनी शिट्टी वाजली. कबुली यांनी नाही दिली, समुद्राने दिली."

"आजी, एवढं काही…" गोष्ट सांगणारा म्हणाला.

"थांबा, फाइल राहिली. वीस वर्षांपूर्वी नळ जोडायला गल्लीतून चौदा अर्ज मागवले होते, साहेबांच्या फाइलीत तेरा. मास्तर म्हणाले, माझा अर्ज मी रजिस्टर्ड टपालाने पाठवला होता. साहेबांनी विचारलं, कोणत्या पोस्टातून?"

परगावच्या पाहुण्याने फळ्याकडे पाहिलं. 'सौजन्य'च्या वरची ओळ पांढऱ्या रंगाने पुसलेली होती, पण ऊन तिरपं पडलं की तिच्याखालून 'पोहण्यास मनाई' अजून दिसत होतं. मग त्याने गोष्ट सांगणाऱ्याकडे पाहिलं. गृहस्थ भिंतीवर बसला होता आणि त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याने डोक्यावरची टोपी घाईने खाली ओढली, पण तिथे कंगवा अडकेल असं काही नाही हे तोवर दिसून गेलं होतं.

"म्हणजे सगळंच खोटं?" पाहुण्याने आजींना विचारलं. "तो बगळा वगैरे?"

आजींनी केस पिळले.

"बगळा खरा आहे," त्या म्हणाल्या. "तो मी स्वतः पाहिलाय."